तारीख चुकली, ती का चुकली? : कर्करोगाच्या उपचारांतील विलंब, विषमता आणि रुग्णाचे स्वतःचे सांगणे



वार्षिक अहवाल म्हणजे मुख्यत्वे आकड्यांचा ग्रंथ. वर्षभरात बाह्यरुग्ण विभागात किती रुग्ण तपासले गेले, शस्त्रक्रिया किती झाल्या, निर्धन रुग्ण निधीत किती रक्कम जमा झाली व त्यातून किती खर्ची पडली, हे सर्व आपणांस या अहवालाच्या इतर पानांवर पाहावयास मिळेलच. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकशास्त्र मी शिकलो नाही. जमाखर्च शिकलो आणि त्याच भांडवलावर या संस्थेची सेवा करीत आलो. म्हणून या वर्षीच्या लेखासाठी आमच्या हिशेबातीलच एक उणीव निवडली आहे. ती उणीव आमच्या ध्यानात कशी आली, दूर देशातील काही रुग्णालयांनी तशाच उणिवेवर कोणता उपाय केला आणि त्यातून आपण काय घेऊ शकतो, हे क्रमाने मांडण्याचा प्रयत्न करतो.

दोन थकबाक्या

आमच्या लेखा विभागात दरमहा येणे रकमांची एक यादी तयार होते. कोणत्या विमा कंपनीकडून, कोणत्या योजनेकडून, कोणत्या रुग्णाकडून किती रक्कम यावयाची आहे आणि ती तीस दिवसांची, साठ दिवसांची की नव्वद दिवसांची आहे, हे त्या यादीत स्पष्ट लिहिलेले असते. नव्वद दिवस उलटले की कागद माझ्या टेबलावर येतो आणि मी स्वतः दूरध्वनी करतो. ही शिस्त नसती तर धर्मादाय रुग्णालय चालविणे अशक्य झाले असते.

परंतु केमोथेरपीची तारीख चुकवून जो रुग्ण तीस, साठ किंवा नव्वद दिवस परत आला नाही, त्याची अशी यादी आमच्याकडे नव्हती. रजिस्टरमध्ये त्याच्या नावापुढे 'गैरहजर' एवढा एक शब्द लिहिला जाई आणि पान उलटले जाई. पैशाच्या थकबाकीचे दिवस आम्ही मोजत होतो, उपचारांच्या थकबाकीचे मोजत नव्हतो.

शेजारच्या तालुक्यातील एक भगिनी स्तनाच्या कर्करोगावरील उपचारांसाठी आमच्याकडे येत होत्या. शासकीय योजनेत त्यांचे नाव असल्यामुळे औषधांचा भार त्यांच्यावर पडत नव्हता. तीन वेळा केमोथेरपी झाली. चौथ्या तारखेस त्या आल्या नाहीत. काही महिन्यांनी परत आल्या, तेव्हा आजार हाडांपर्यंत पोहोचला होता. योजनेतून औषध मोफत मिळत असताना असे का व्हावे, याची मी चौकशी केली. डॉक्टरांना ठाऊक नव्हते. केसपेपरवर काही नव्हते. शेवटी वॉर्डातील एका मावशींनी सांगितले, "साहेब, मला बोलल्या होत्या त्या ताई. तोंड आलंय, भाकरी गिळवत नाही, औषध अंगाला मानवत नाही म्हणाल्या. सोबत यायचं तर पोराचा रोज बुडतो, मुकादम किती वेळा ऐकून घेईल, असंही म्हणाल्या. पण मी ते सांगायचं कुणाला, आणि लिहायचं कुठं?"

मावशींच्या या प्रश्नास माझ्याकडे उत्तर नव्हते. रुग्णाने आपली अडचण सांगितलेली होती. ती आमच्या चार भिंतींच्या आत पोहोचलीही होती. आमच्या कोणत्याही रजिस्टरमध्ये तिच्यासाठी रकाना मात्र नव्हता.

विलंबाची किंमत

उपचारांस उशीर झाला तर नेमके किती नुकसान होते, याचा हिशेब २०२० मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ३४ अभ्यासांतील १२ लाखांहून अधिक रुग्णांची माहिती त्यासाठी एकत्र केली गेली. शस्त्रक्रियेस दर चार आठवड्यांचा विलंब झाला तर मृत्यूचा धोका साधारणपणे ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो, आणि काही प्रकारच्या किरणोपचारांत व औषधोपचारांत ही वाढ याहूनही अधिक असते, असा त्याचा निष्कर्ष होता. व्याजाचा हिशेब ज्यांना कळतो त्यांना यातील गांभीर्य निराळे सांगावयास नको. प्रत्येक महिन्याचे व्याज चढते आणि ते देहाला फेडावे लागते.

हे व्याज सर्वांवर सारखे चढत नाही. कोणत्या समाजगटावर ते अधिक चढते हे शोधण्याचे काम अमेरिकेत दीर्घकाळ झाले आहे. तेथे रुग्णाच्या वंशाची नोंद ठेवण्याची पद्धत असल्यामुळे कृष्णवर्णीय व गौरवर्णीय रुग्णांतील अंतर आकड्यांत दाखविता येते. स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण तेथील कृष्णवर्णीय स्त्रियांत गौरवर्णीय स्त्रियांपेक्षा किंचित कमीच आहे, तथापि त्या रोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी अधिक आहे. याचा काही भाग रोगाच्या स्वरूपाशी निगडित आहे. अधिक आक्रमक जातीच्या गाठी कृष्णवर्णीय स्त्रियांत जास्त आढळतात. पण सर्व दोष गाठीच्या माथी मारता येत नाही.

फुफ्फुसाच्या कर्करोगाचे उदाहरण पाहावे. १९९९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ६५ वर्षांवरील सुमारे ११ हजार रुग्णांची माहिती तपासली गेली. या सर्वांचा आजार प्राथमिक अवस्थेत, शस्त्रक्रियेने बरा होण्याजोगा होता. गौरवर्णीयांपैकी ७६.७ टक्के रुग्णांवर शस्त्रक्रिया झाली, कृष्णवर्णीयांपैकी ६४ टक्क्यांवर. पाच वर्षांनंतर हयात असणाऱ्यांचे प्रमाण अनुक्रमे ३४.१ आणि २६.४ टक्के होते. मात्र ज्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली, त्यांच्यापुरते पाहिले तर दोन्ही गटांतील अंतर बरेच मिटलेले दिसले. उपचार सारखा मिळाला तर परिणामही बहुतांशी सारखा मिळतो, असा याचा सरळ अर्थ होतो.

नॉर्थ कॅरोलायना राज्यात १९९३ पासून चालू झालेल्या स्तनाच्या कर्करोगाच्या एका दीर्घ अभ्यासात रुग्ण स्त्रियांच्या प्रत्यक्ष मुलाखती घेण्यात आल्या. विमा आहे काय, घरची मिळकत किती, वाहनाची सोय काय, पैशाअभावी कधी उपचार टाळावे लागले काय, असे प्रश्न त्यांत होते. त्यावर आधारित एक निबंध २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. निदानानंतर साठ दिवस उलटूनही उपचार सुरू न झालेल्यांचे प्रमाण कृष्णवर्णीय स्त्रियांत १३.४ टक्के, तर गौरवर्णीय स्त्रियांत ७.९ टक्के होते. उपचार सुरू झाल्यावर ते रेंगाळत गेलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे २९.९ आणि २१.१ टक्के होते. सुस्थितीतील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या बाबतीतही हे अंतर पूर्णपणे मिटले नव्हते. केवळ गरिबी हटविली म्हणजे सर्व सुरळीत होईल, ही समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही.

एका धर्मादाय रुग्णालयाची कथा

याच राज्यातील ग्रीन्सबरो या शहरातील कोन रुग्णालयाची कथा धर्मादाय संस्थांतील आपणां सर्वांस विशेष जवळची वाटेल. मोझेस कोन हे कापड गिरण्यांचे मालक. त्यांच्या निधनानंतर पत्नी बर्था कोन यांनी १९११ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ रुग्णालयासाठी विश्वस्त निधी स्थापन केला. पैसे देता येत नाहीत म्हणून कोणाही रुग्णास परत पाठवू नये, अशी अट त्याच्या घटनेतच होती. प्रत्यक्ष रुग्णालय १९५३ मध्ये सुरू झाले.

हेतू इतका उदार असूनही या रुग्णालयात कृष्णवर्णीय डॉक्टरांना काम करण्याची मुभा नव्हती आणि कृष्णवर्णीय रुग्णांच्या प्रवेशावर कडक बंधने होती. फेब्रुवारी १९६० मध्ये याच शहरात चार कृष्णवर्णीय विद्यार्थी केवळ गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहारगृहाच्या टेबलाशी जाऊन बसले आणि त्या सत्याग्रहाचे लोण अमेरिकेभर पसरले. दोन वर्षांनी, १९६२ मध्ये, दंतवैद्य डॉ. जॉर्ज सिमकिन्स आणि इतर डॉक्टर, दंतवैद्य व रुग्ण यांनी या रुग्णालयाविरुद्ध दावा लावला. बांधकामासाठी शासनाचा पैसा घेणाऱ्या रुग्णालयास असा भेदभाव करता येणार नाही, असा निर्णय केंद्रीय अपील न्यायालयाने १९६३ मध्ये दिला, आणि १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिल्यामुळे तो कायम झाला. २०१६ मध्ये रुग्णालयाने त्या वादींपैकी हयात असलेले अखेरचे डॉक्टर अल्विन ब्लाउंट यांची जाहीर क्षमा मागितली.

आता पुढील भाग पाहू. याच शहरात २००३ मध्ये सामान्य नागरिक, विद्यापीठातील संशोधक आणि रुग्णालयातील मंडळी यांनी मिळून आरोग्यातील विषमतेवर काम करणारा एक गट स्थापन केला. दरवाजावरची पाटी निघाली, तरी उपचार पूर्ण होण्याच्या प्रमाणात अंतर का राहते, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. या गटाच्या विचारांतून 'अ‍ॅक्युअर' नावाचा प्रयोग उभा राहिला. ग्रीन्सबरोचे कोन रुग्णालय आणि पिट्सबर्ग येथील हिलमन कर्करोग केंद्र या दोन ठिकाणी, स्तनाच्या व फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या प्राथमिक अवस्थेतील रुग्णांसाठी तो राबविण्यात आला.

प्रयोगाची घडण समजण्यास अवघड नाही. पहिली गोष्ट, संगणकावरील नोंदीत प्रत्येक रुग्णाच्या उपचारांचे टप्पे व त्यांच्या अपेक्षित तारखा भरल्या गेल्या. तारीख चुकली किंवा अपेक्षित टप्पा वेळेत पार पडला नाही की संगणक तत्काळ सूचना देई. माझ्या थकबाकीच्या यादीचेच हे रूप. फक्त त्यात रकमेऐवजी माणूस होता. दुसरी गोष्ट, ही सूचना एका विशेष प्रशिक्षित मार्गदर्शक परिचारिकेकडे जाई. ती रुग्णाशी संपर्क साधून अडचण विचारी आणि ती सोडविण्याच्या मागे लागे. तारीख चुकली एवढे यंत्र सांगू शकते. ती का चुकली हे रुग्णच सांगू शकतो. तिसरी गोष्ट, उपचार किती रुग्णांचे पूर्ण झाले याचे आकडे वंशवार वेगळे करून ठराविक काळाने डॉक्टरांपुढे ठेवले जात. चौथी गोष्ट, सर्व कर्मचाऱ्यांसाठी या विषमतेच्या इतिहासाचे व स्वरूपाचे प्रशिक्षण ठेवले गेले.

त्या केंद्रांतील पूर्वीच्या रुग्णांत उपचार पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण गौरवर्णीयांत ८७.३ टक्के आणि कृष्णवर्णीयांत ७९.८ टक्के होते. प्रयोगातील रुग्णांत ते अनुक्रमे ८९.५ आणि ८८.४ टक्के झाले. फुफ्फुसाच्या कर्करोगाविषयी पाच केंद्रांतील असाच वृत्तान्त २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे उपचार मिळालेल्यांचे प्रमाण पूर्वी ७८ व ६९ टक्के होते. प्रयोगात ते गौरवर्णीयांत ९५ व कृष्णवर्णीयांत ९६.५ टक्क्यांवर पोहोचले. अंतर मिटले आणि ते मिटताना कोणाच्या वाट्याचे काही कमी झाले नाही. दोन्ही गटांची स्थिती सुधारली. विश्वस्त मंडळाने ही गोष्ट विशेष लक्षात घ्यावी अशी माझी विनंती आहे. मागे पडलेल्याकडे लक्ष पुरविल्यास पुढे असलेल्यांचे नुकसान होईल, ही भीती येथे खरी ठरली नाही.

हार्लेमचे वाटाडे

रुग्णास हात धरून नेणारी व्यक्ती नेमण्याची कल्पना याहून जुनी आहे. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील सार्वजनिक रुग्णालयात डॉ. हॅरल्ड फ्रीमन हे शल्यविशारद होते. १९६४ ते १९८६ या काळात तेथे आलेल्या स्तनाच्या कर्करोगाच्या ६०६ स्त्रियांची माहिती त्यांनी तपासली. त्यांतील बहुसंख्य स्त्रिया गरीब व कृष्णवर्णीय होत्या. जवळजवळ निम्म्या स्त्रिया आजार तिसऱ्या किंवा चौथ्या अवस्थेत गेल्यावर आल्या होत्या, आणि पाच वर्षांनंतर केवळ ३९ टक्के हयात होत्या.

फ्रीमन यांनी अल्प दरात किंवा विनामूल्य तपासणीची सोय केली आणि १९९० मध्ये रुग्णांसाठी वाटाडे नेमले. संशयास्पद गाठ सापडल्यापासून निदान व उपचार पूर्ण होईपर्यंत रुग्णासोबत राहणे, कागदपत्रे, पैसा, वाहन, भीती, गैरसमज यांपैकी जी अडचण असेल ती दूर करणे, हे त्यांचे काम. १९९५ ते २००० या काळातील ३२५ रुग्ण स्त्रियांत पाच वर्षे हयात राहणाऱ्यांचे प्रमाण ७० टक्के झाले. मधल्या काळात औषधेही सुधारली होती हे खरे. पण रुग्ण आधीच्या अवस्थेत येऊ लागल्याचा वाटा त्यात मोठा होता. २००५ मध्ये अमेरिकेत या वाटाड्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला, आणि जानेवारी २०२४ पासून तेथील वृद्धांसाठीच्या शासकीय विमा योजनेने या कामाचा मोबदला देण्यास प्रारंभ केला. ज्या कामास पूर्वी कोणत्याही हिशेबात जागा नव्हती, त्यास चौतीस वर्षांनी का होईना, खर्चाच्या बाजूस मानाचा रकाना मिळाला.

रुग्णाच्या शब्दाचे वजन

रुग्ण जे सांगतो ते कितपत विश्वसनीय मानावे, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. या बाबतीत १९९४ चा एक अभ्यास उद्‌बोधक आहे. कर्करोगाच्या १,३०८ बाह्यरुग्णांना त्यांच्या वेदनेची तीव्रता विचारली गेली आणि डॉक्टरांनाही त्याच रुग्णांच्या वेदनेचा अंदाज विचारला गेला. जेथे दोघांच्या उत्तरांत तफावत होती, तेथे वेदनाशामक उपचार अपुरे असण्याचा संभव अधिक होता. आणि ज्या केंद्रांत मुख्यत्वे अल्पसंख्य वंशांचे रुग्ण येत, तेथे अपुऱ्या उपचारांचा संभव इतर केंद्रांच्या तिप्पट होता. वेदना ज्याची त्यालाच कळते. तिचा अंदाज दुसऱ्याने बांधला की चूक होते, आणि ती चूक दुर्बलाच्या बाबतीत अधिक होते.

यावर उपाय म्हणून रुग्णाचे सांगणे नियमितपणे, ठराविक प्रश्नांद्वारे नोंदवून घेण्याची पद्धत पुढे आली. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कर्करोग केंद्रात डॉ. ईथन बाश व सहकाऱ्यांनी पसरलेल्या कर्करोगाच्या ७६६ रुग्णांवर प्रयोग केला. एका गटातील रुग्ण मळमळ, वेदना, थकवा, धाप अशा १२ लक्षणांविषयी संगणकावर स्वतः माहिती भरत. त्रास वाढल्याचे दिसताच परिचारिकेकडे सूचना जाई. दुसऱ्या गटावर नेहमीच्या पद्धतीने उपचार होत. माहिती भरणाऱ्या गटातील ३४ टक्के रुग्णांना तातडीच्या विभागात यावे लागले, दुसऱ्या गटातील ४१ टक्क्यांना. केमोथेरपी सरासरी ८.२ महिने चालू राहू शकली. दुसऱ्या गटात ती ६.३ महिनेच चालली. आयुर्मर्यादेचा मध्यांक ३१.२ महिने आणि २६ महिने असा आढळला. येथे नवे औषध कोणतेही नव्हते. विचारणे, ऐकणे आणि वेळेवर हालचाल करणे, एवढेच होते.

संगणक म्हटल्यावर गरीब व अल्पशिक्षित रुग्ण मागे पडतील, अशी शंका स्वाभाविक आहे. या प्रयोगात मात्र पूर्वी संगणक न हाताळलेल्या रुग्णांना लाभ अधिक झाल्याचे दिसले. ज्याची दाद लागण्याचा दुसरा मार्ग नसतो, त्याला सरळ प्रश्न विचारल्याचा उपयोग अधिक होतो, हे समजण्याजोगे आहे.

हिशेबाच्या प्रामाणिकपणासाठी दोन गोष्टी येथे नमूद करणे आवश्यक आहे. ग्रीन्सबरो व पिट्सबर्ग येथील प्रयोगात तुलना मुख्यत्वे त्याच केंद्रांतील पूर्वीच्या रुग्णांशी केली गेली. चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडलेले नव्हते. तसेच डॉ. बाश यांनी पुढे ५२ केंद्रांत केलेल्या मोठ्या प्रयोगात रुग्णांचे दैनंदिन जीवन सुसह्य झाले आणि तातडीच्या विभागात जाण्याची वेळ लांबली. परंतु आयुष्य वाढल्याचे त्यात दिसून आले नाही. म्हणून आयुष्य वाढविण्याचे आश्वासन या पद्धतीच्या नावाने मी आपणांस देणार नाही. तारखा पाळल्या जाव्यात आणि त्रास वेळीच कळावा, एवढ्यापुरती ती निश्चित उपयोगी आहे.

आपल्याकडील भिंती

अमेरिकेतील वंशभेद जसाच्या तसा आपल्याकडे नाही. आपल्या भिंती वेगळ्या आहेत. तालुक्याच्या गावापासूनचे अंतर, शिधापत्रिकेचा रंग, रुग्ण पुरुष आहे की स्त्री, घरात बोलली जाणारी भाषा मराठीच आहे की अहिराणी, पावरी किंवा गोरमाटी, आणि जात. आपल्या राज्यात महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ अअ नुसार आणि उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी विनामूल्य व १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखल्या जातात. त्या खाटांचा हिशेब आम्ही नियमितपणे धर्मादाय आयुक्तांकडे पाठवितो. खाट मिळाली की कर्तव्य पूर्ण झाले, असे आम्हीही मानत आलो. मात्र कर्करोगाचा उपचार एका खाटेवर संपत नाही. तो पंधरा-वीस तारखांचा प्रवास असतो आणि प्रत्येक तारखेस एस.टी.चे भाडे, सोबत्याचा रोज आणि घरची अडचण नव्याने उभी राहते.

रुग्णापर्यंत स्वतः जाऊन माहिती मिळविणे ही गोष्ट आपल्या मातीला परकी नाही. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली, ती कार्यकर्त्यांनी गावोगाव फिरूनच. तो आदर्श जवळचाच आहे.

यंदा आम्ही काय केले

या सर्व वाचनानंतर व वैद्यकीय संचालक, मेट्रन आणि समाजसेवा अधिकारी यांच्याशी विचारविनिमय करून आम्ही एक साधी वही सुरू केली. दर शनिवारी कर्करोग विभागातील चुकलेल्या तारखांची यादी निघते. सात दिवसांवरील, पंधरा दिवसांवरील आणि तीस दिवसांवरील अशा तीन भागांत ती मांडली जाते. एक सिस्टर रुग्णास दूरध्वनी करतात आणि पाच प्रश्न विचारतात. त्रास काय होतो? येण्याजाण्याची व सोबतीची सोय आहे काय? घरची किंवा कामाची कोणती अडचण आहे? डॉक्टरांनी सांगितलेले नीट समजले काय? आमच्याकडे कोणी मन दुखावेल असे बोलले काय? उत्तर रुग्णाच्याच शब्दांत लिहावयाचे, असा नियम आहे. 'गैरहजर' हा शब्द आम्ही वापरातून काढून टाकला आहे. मावशी आणि वॉर्डबॉय यांच्या कानी आलेल्या गोष्टींसाठी त्या वहीत स्वतंत्र रकाना आहे.

पाचवा प्रश्न ठेवावा की नाही यावर मतभेद झाले. कर्मचाऱ्यांचे मनोधैर्य खचेल, असे काहींचे म्हणणे होते. पहिल्याच महिन्यात एका वृद्ध गृहस्थांनी उत्तर दिले की, खिडकीवर पिवळे कार्ड दाखविले की आवाज चढतो, म्हणून मुलगा बरोबर असल्याशिवाय येववत नाही. ती खिडकी माझ्याच अखत्यारीतील आहे. मी त्या गृहस्थांची दूरध्वनीवरून क्षमा मागितली आणि खिडकीवरील व्यवस्था बदलली. हा प्रश्न वहीत राहिला.

जातीचा प्रश्न विचारावा काय, यावर विश्वस्त मंडळाच्या बैठकीत दीर्घ चर्चा झाली. विचारणेच भेदभावाचे ठरेल, असे एक मत होते. नोंदच नसेल तर भेदभाव झाला काय हे कधीच कळणार नाही, असे दुसरे. ग्रीन्सबरोचा अनुभव दुसऱ्या मतास पुष्टी देणारा आहे. वंशवार आकडे वेगळे केले नसते तर ते अंतर सरासरीत बुडून गेले असते. अखेर असे ठरले की ही माहिती देणे सर्वस्वी ऐच्छिक राहील, ती केसपेपरवर येणार नाही, आणि वर्षअखेरीच्या बेरजेखेरीज कोणत्याही कामी वापरली जाणार नाही.

वहीतील नोंदी अद्याप थोड्या आहेत आणि त्यांवरून निष्कर्ष काढणे घाईचे होईल. पुढील अहवालात स्त्री-पुरुष, अंतर, शिधापत्रिका, भाषा आणि ऐच्छिक माहिती उपलब्ध असेल तेथे जात, यांनुसार तारखा पाळल्याचे प्रमाण, येणे रकमांच्या तक्त्याशेजारीच, छापण्याचा निर्णय मंडळाने घेतला आहे. आकडे आमच्या प्रशंसेस पात्र नसले तरी ते छापले जातील.

विनंती

देणगीदारांस माझी नम्र विनंती आहे की, यंत्रासाठी व खाटेसाठी आपण आजवर सढळ हाताने दिले, तसेच काही साहाय्य रुग्ण व सोबती यांच्या प्रवासखर्चासाठी व एका मार्गदर्शक परिचारिकेच्या वेतनासाठीही द्यावे. या देणगीची संगमरवरी पाटी भिंतीवर लागत नाही. पण तिच्यामुळे कोणाची तरी चौथी तारीख पाळली जाईल.

विश्वस्तांनी दर बैठकीत आर्थिक पत्रकासोबत ही वहीसुद्धा मागवावी. जी गोष्ट मंडळ मागते, ती कार्यालयात लिहिली जाते. हा माझा एवढ्या वर्षांचा अनुभव आहे.

आणि रुग्णांच्या आप्तजनांस एवढेच सांगणे आहे. तारीख चुकणार असेल तर संकोच न बाळगता आम्हांस कळवावे. भाड्याचे पैसे नाहीत, पेरणी आहे, तोंड आले आहे, भीती वाटते, येथे कोणी टाकून बोलले, यांपैकी कोणतेही कारण क्षुल्लक नाही. ते ऐकण्यासाठी आणि लिहून घेण्यासाठी आता एक रकाना आहे.

ज्यांच्यामुळे हा रकाना उघडला गेला, त्या भगिनींवर आमच्याकडे पुन्हा उपचार सुरू झाले. त्या आता दर तारखेस येतात. त्यांच्या मुलाचा बुडणारा रोज निधीतून दिला जातो. डॉक्टर मला खोटी आशा देत नाहीत आणि मीही ती आपणांस देत नाही. एकदा वहीविषयी कळल्यावर त्या मावशींना म्हणाल्या, "आधी विचारलं असतं तर आधीच सांगितलं असतं." हे वाक्य आमच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे.

आपला नम्र,
प्रशासकीय अधिकारी